पोटरीवरचा भार

लंकेच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे सूर्यभानला आठवलं ते वाचनालयात, वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता. आठवायला तसं काही निमित्त नव्हतं. पान उलटलं, पाय जरा पुढे सरकवला, आणि डाव्या पायाची चप्पल फरशीवरून सुटेना. कुणाचा तरी चहा सांडला असेल असं त्याला वाटलं. कुठेही काही सांडलेलं दिसलं की ते आपल्याच हातून सांडलं असणार, अशी धास्ती त्याला आधी वाटायची, म्हणून त्याने खाली बघायचं टाळलं आणि वाचत असल्यासारखा बसून राहिला. तेव्हाच ते निळं आंतर्देशीय पत्र डोळ्यांपुढे आलं. लंका त्याची धाकटी बहीण, जामखेडच्या पुढे एका खेड्यात मुलापाशी राहणारी. कान गेल्यापासून तिला फोनवर काही कळत नसे, म्हणून ती पत्र लिहायची, आणि जगात फक्त त्यालाच लिहायची, कारण अक्षरं तिला त्यानेच शिकवली होती, उसाच्या फडावर, चुलीतली राख पसरून. अजूनही तिची अक्षरं बोटाने काढल्यासारखी रुंद यायची. ‘दादा, डाक्टर म्हनतो पायाला दाबाचं मोजं घाल. गोरक्षनं आनून दिल्यात. मी आजून घातलं न्हाई. तुला बी तसलंच दिल्यात म्हनं. तू घालतो का? तू घालत असशील तर मी घालीन. घातल्यावर कसं वाटतं? लहानपनी आयच्या पायावर आपुन हुबं ऱ्हायचो, तू उजव्या पायावर, मी डाव्या, तसं वाटतं का? तेवढं कळव.’ एवढंच पत्र. पावसाळ्याआधी आलेलं. आता दसरा होऊन गेला होता. मधे एकदा गोरक्षचा, तिच्या मुलाचा, फोन येऊन गेला होता. “मामा, तुमी दोन ओळी टाका ना. आईची जखम लई वाढली. घोट्यापाशी पार खड्डा पडलाय. डाक्टर म्हनत्यात, मोजे घातल्याबिगर भरायची न्हाई. आन् ही म्हनती, दादाचं पत्र येऊ दे, मंग बघू. आमी सांगून थकलो.” टाकतो, आजच टाकतो, असं सूर्यभान म्हणाला होता. आणि रोज टेबलापाशी बसून, कागदावर ‘चि. लंकेस’ एवढं लिहून, उठला होता.

“काका, अहो तुमच्या पायाला काय झालं?” टेबलाजवळ आरती उभी होती, वाचनालयात पुस्तकं देणारी. सूर्यभानने खाली पाहिलं. शहाबादी फरशीवर चांगलं ताटाएवढं काळपट रक्त पसरलं होतं, आणि त्यात त्याची चप्पल.

“माझं नसेल ते,” तो म्हणाला.

“मग कुणाचं? तुमच्याच घोट्यातून येतंय की. उठू नका!”

पण तो उठलाच, कारण आधी ती फरशी पुसायला हवी असं त्याला वाटत होतं, आणि उठल्याबरोबर घोट्याच्या आतल्या बाजूने एक बारीक धार सुटली, नळाची चकती झिजली की सुटते तशी. दुखत काहीच नव्हतं. आरतीने त्याला दंडाला धरून बाकावर आडवा केला, समोरच्या फळीवरचे जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड ओढले, एकावर एक रचले आणि त्याचा पाय उचलून त्यावर ठेवला.

“पुस्तकांवर पाय नको, बाई.”

“पुस्तकं काही म्हणत नाहीत. तुम्ही पडून राहा.” तिने ओढणीची घडी करून घोट्यावर ठेवली आणि अंगठा दाबून धरला. “कॉलेजात एनसीसीत होते मी. तिथं शिकवलेलं आज पहिल्यांदा उपयोगी पडतंय. बघा, थांबतंय.”

वर पंखा फिरत होता. पाय डोक्यापेक्षा उंच गेल्यामुळे त्याला स्वतःचं शरीर परकं वाटलं, उलट्या लावलेल्या ओळीसारखं. जन्मभर तो छापखान्यात उभा राहिला होता. आधी शिशाचे खिळे जुळवत, त्यांच्या खणांच्या केसपुढे दिवसच्या दिवस, आणि शिशाचा जमाना गेल्यावर मुद्रितं तपासत. तेही उभ्यानेच, कारण बसून वाचलं की चूक निसटते असं त्याच्या मनाने घेतलं होतं. खिळे उलटे असतात. डावीकडचं उजवीकडे वाचायची सवय लागते आणि ती मग रस्त्यावरही सुटत नाही. पायांतल्या शिरा फुगल्या, निळ्या पडल्या, गाठी झाल्या, तेव्हा त्या त्याला ओळखीच्या वाटल्या होत्या. आईच्याच होत्या त्या. लंकेच्याही पायांत त्याच उतरल्या होत्या. आता तो वाट बघत होता. अंगठ्याखालून रक्त येत राहील, पंखा फिरत राहील, मग डोळ्यांपुढे पांढरं होत जाईल, आणि मग आईसारखं, बरं वाटतंय म्हणून, संपेल. त्याला भीती वाटत नव्हती. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि तेही वाचनालयात, याचा थोडा संकोच तेवढा वाटत होता. पण रक्त थांबलं. आरतीने ओढणी हळूच उचलून पाहिली, पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. एका बाईच्या अंगठ्याने थांबलं. एवढ्याशा दाबाने. त्याला ते पटेचना. “नीट बघा,” तो म्हणाला, “थांबणार नाही ते.” ती हसली. “थांबलं हो काका. तुम्हाला काय, थांबू नये असं वाटतंय का?”

आईचं थांबलं नव्हतं. दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड गाडीत घालून नेवाशाकडे ऊसतोडीला जायचं. माळावर कोप्यांची रांग, उसाच्या पाचटाच्या झोपड्यांची. आई दिवसभर वाकायची नाहीतर डोक्यावर मोळी घेऊन उभी असायची, आणि संध्याकाळी भाकरी झाल्यावर कोपीत पालथी पडून म्हणायची, “या रं, हुबं ऱ्हा.” मग तो तिच्या एका पोटरीवर चढायचा आणि लंका दुसऱ्या. मधली मेढ, कोपीचा खांब, धरायची आणि उभं राहायचं. पायाखाली ते मऊ, ऊन मांस, आणि त्यात दोरीच्या गाठींसारखं काहीतरी, अंगठ्याने दाबलं की सरकणारं. लंका खिदळायची. तो एका हाताने मेढ धरून दुसऱ्या हातात कागद धरायचा, गुळाच्या दुकानातून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, आणि उभ्या उभ्या वाचायचा. पहिलं वाचन त्याने आईच्या पोटरीवर उभं राहून केलं. आई झोपी जायची, तिचा श्वास पायांच्या तळव्यांना कळायचा, आणि तरी तो उतरायचा नाही, कारण ओळ पुरी व्हायची असायची. मग एका सकाळी गाडी भरताना तिची शीर फुटली. बायका धावल्या. रक्त काळं होतं, म्हणून त्यांतली एक जाणती म्हातारी म्हणाली, “वाईट रक्त हाय बाई, जाऊ द्या. पाय हलका व्हईल.” सगळ्यांना ते खरं वाटलं. जळवा लावून काढतात ते हेच रक्त, ते आपलं आपण निघतंय, तर निघू दे. मांडीला लुगड्याची चिंधी आवळली, आणि आईला गाडीच्या मागच्या फळीवर बसवलं, पाय खाली सोडून. गाडी कारखान्याच्या दवाखान्याकडे निघाली. तो आणि लंका गाडीमागून चालत होते. आई त्यांच्याकडे तोंड करून बसलेली, लोंबणारा पाय गाडीबरोबर हलणारा, आणि फुफाट्यावर पडणारे थेंब, ज्यांच्यावर पाय पडू नये म्हणून दोघंही बाजूने चालत होती. “बरं वाटतंय,” आई म्हणाली. “पाय फुलासारखा झाला.” ते तिचं शेवटचं नीट ऐकू आलेलं बोलणं. पुढे बैलांच्या घुंगरांचाच आवाज होता.

त्याचे मोजे कपाटात होते, जाड पुस्तकांच्या मागे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी लिहून दिले, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी घातले होते. टाचेपाशी धापा टाकत, वर ओढत, गुडघ्यापर्यंत. आणि उभा राहिला तोच त्याला कळलं की कुणीतरी पोटरीवर चढलंय. लहान पायांचे तळवे. घट्ट, नेमके, उतरायचं नाव न घेणारे. तो चालला तर ते तोल सावरत होते. बसला तरी उतरत नव्हते. मागे कागदाचा आवाज होतोय असं वाटून त्याने दोनदा मान वळवली होती. ते पोर कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. ते वाचत होतं आणि ओळ पुरी झाल्याशिवाय उतरणार नव्हतं. त्याने मोजे ओरबाडून काढले, आणि त्यानंतर पुन्हा घातले नाहीत. मात्र सुनेला, मोनिकाला, कळू नये म्हणून रोज संध्याकाळी ते कपाटातून काढायचे, साबण लावून धुवायचे, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाळले की उचलून पुन्हा पुस्तकांमागे ठेवायचे, हा नेम त्याने चुकवला नाही. एखाद्याने देवाची पूजा करावी इतक्या निष्ठेने तो न घातलेले मोजे धूत होता.

दवाखान्यात मोनिका शेजारीच उभी होती. आरतीने तिला फोन करून बोलावून घेतलं होतं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी घोट्यावर पट्टी बांधली.

“मोजे घालता ना बाबा?”

“घालतो.”

डॉक्टरांनी गुडघ्याखाली बोट फिरवलं. “घालणाऱ्याच्या पायावर इथं वळ असतो. तुमच्या पायावर दिसत नाही.”

“रोज धुतात मात्र,” मोनिका म्हणाली. सूर्यभानने मान वर केली नाही. “बाबा, एकच जोडी आहे तुमची. ती दुपारपर्यंत दोरीवर असते. मग पायात काय असतं, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.”

“मग बोलली नाहीस ती?”

“तुम्ही इतकं मन लावून धूत होता. म्हटलं, सांगतील कधीतरी आपणहून.”

डॉक्टरांना हसू आलं. मग ते समजावून सांगू लागले, रोज अनेकांना सांगत असणार अशा सुरात. सकाळी बिछान्यातून उठायच्या आधी घालायचे, रात्री निजताना काढायचे. एका जागी उभं राहायचं नाही. पुन्हा रक्त आलं तर आडवं व्हायचं, पाय वर, बोटाने दाबायचं. “आणि हा दाब नुसता आवळलेला नसतो. घोट्यापाशी सगळ्यात जास्त, मग वर वर कमी होत जातो. म्हणजे खालचं रक्त वर ढकललं जातं.” सूर्यभान ऐकत होता आणि त्याच्या कानात भलताच आवाज आला, बायकी, दमलेला, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. ‘खाली, घोट्यापाशी हुबा ऱ्हा आदी. मंग वर सरक. दमानं.’ हे ती रोज म्हणायची. रोज. हे तो कसं विसरला? शीर फुटल्याची सकाळ तेवढी राहिली, आणि त्याआधीच्या सगळ्या संध्याकाळी तिने काय सांगितलं ते पुसून गेलं. म्हणजे तिला कळत होतं. तिला बरं वाटत होतं म्हणून ती बोलवत होती. पण मग लगेच मनातला तो दुसरा, मुद्रितं तपासणारा, पुढे आला. बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. बरं वाटतंय असं ती गाडीतही म्हणाली होती.

“साहेब, एक विचारू का?” असं तो कधी कुणाला म्हणत नसे. मोनिकाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. “लहान मूल पोटरीवर उभं राहिलं. रोज. तर त्याने शीर फुटते का?”

“नातवंडं उभी करता की काय पायांवर?”

“नाही. जुनी गोष्ट आहे. माझ्या आईची.”

डॉक्टर लिहायचे थांबले. “बहुतेक नाही,” ते म्हणाले. “शीर फुटते ती आतल्या दाबाने. कातडी पातळ झालेली असते, खाजवलं, लागलं, निमित्त होतं. मुलाच्या वजनाने…” त्यांनी जरा विचार केला. “नाही. बहुतेक नाही.” मग त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो बिछान्यातच असताना, मोनिका पकड बसावी म्हणून स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घालून आली आणि पलंगाच्या कडेला बसली. “पाय द्या इकडं.” “मी घालतो, तू जा.” “तुम्ही धुता चांगले. घालायचं माझ्यावर सोडा.” सुनेच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, त्याने डोळे मिटून घेतले. तिने मोजा टाचेपर्यंत उलटा केला, टाच नेमकी बसवली, आणि तळहाताने वर सारत नेला. “तुमच्या आईंच्या पायाची गोष्ट कधी बोलला नाहीत तुम्ही,” ती खाली मान घालूनच म्हणाली. ती गेल्यावर तो उभा राहिला. पोर चढलेलं होतं. तेच तळवे. तो खोलीत फिरला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. काढून टाकावेत असं हाताला वाटत होतं, हात गुडघ्यापर्यंत जातही होते. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की दुसऱ्या पोटरीवरही कुणीतरी आहे. तिथलं वजन हलकं होतं, चुळबुळ करणारं. एका पायावरचं पोर वाचत होतं, दुसऱ्या पायावरचं खिदळत होतं.

तो टेबलापाशी येऊन बसला आणि लंकेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. ‘तू उजव्या पायावर, मी डाव्या.’ पत्र आलं तेव्हा हे वाचून त्याला वाटलं होतं की लंकेला जुन्या आठवणी येतात, म्हातारपणी येतात तशा, गोड. तिला काय माहीत, असा थोडा रागही आला होता. आता ते वाक्य त्याने छापखान्यात वाचायचा तसं वाचलं, अर्थाकडे न बघता, एकेक शब्द सुटा करून. कुणी डाव्या-उजव्याचं एवढं जपून कशाला ठेवेल? गोड आठवणीत आईचा पाय असतो, कुठला पाय ते नसतं. कुठला ते त्यालाच लक्षात राहतं, ज्याने रोज मनात त्या पोटऱ्या मोजल्या आहेत. लंकेने मोजे घातले नव्हते. ते गोरक्षला वाटत होतं त्याप्रमाणे हट्टाने नव्हे आणि उकाड्यानेही नव्हे. ती घालून बघायला भीत होती. घातल्यावर कसं वाटतं, तसं वाटतं का, असं ती त्याला विचारत होती, कारण तसं वाटत असेल तर तिला ते नको होतं. आणि गाडीमागून ती थेंब चुकवत चालली होती, त्याच्याइतकीच काळजीने, त्याच्याहून लहान असून.

शीर कुठल्या पायाची फुटली होती? त्याने आयुष्यभर उजव्या पायाची असं धरलं होतं. त्याबद्दल शंका घ्यावी असं त्याला कधी वाटलंच नाही, दोष आपला असणार हे ठरलेलंच असल्यासारखं. आता त्याने डोळे मिटून गाडी पुन्हा आणली. आई त्याच्याकडे तोंड करून बसलेली. लोंबणारा पाय त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे तिचा उजवा. पण तो गाडीच्या कुठल्या अंगाने चालत होता? लंका पलीकडून चालत होती की अलीकडून? पाय हलला आणि दुसऱ्या बाजूला गेला. त्याने पुन्हा आणला, पुन्हा गेला. जन्मभर उलटी अक्षरं वाचलेल्या डोळ्यांवर आता त्याचा भरवसा उरला नव्हता. तिला विचारावं तर तिलाही तेच विचारायचं होतं. ती डावा म्हणेल, तो उजवा म्हणेल, आणि दोघंही म्हणतील तुझा नव्हे, माझा.

त्याने नवं आंतर्देशीय पत्र घेतलं. ‘चि. लंकेस, अनेक आशीर्वाद.’ पुढे लिहिलं, मी मोजे घालत नव्हतो, धुऊन ठेवत होतो, आजपासून घालतो आहे. हे लिहिताना त्याला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. ती हसेल, गोरक्षला वाचून दाखवील. मग लिहिलं, सकाळी उठायच्या आधी घाल, गोरक्षच्या बायकोला सांग म्हणजे ती घालून देईल, लाजू नको. रक्त आलं तर आडवी हो, पाय उशीवर घे, बोटाने दाबून धर. कुणी काही म्हणो, वाईट रक्त म्हणून काही नसतं, ते जाऊ द्यायचं नसतं. इथे त्याचा हात थांबला, कारण हे वाक्य फडावर त्या सकाळी कुणी तरी म्हणायला हवं होतं, आणि तिथे वाचता येणारा तो एकटाच होता, आणि त्याच्या कुठल्याच कागदाच्या तुकड्यावर ते छापलेलं नव्हतं. मग त्याने लिहिलं, तू विचारलंस तसंच वाटतं. आपण उभे आहोत असं वाटतं, दोघंही. पहिल्या दिवशी काढून टाकावेसे वाटतात, पण काढू नको. आई सांगायची, आधी घोट्यापाशी उभं राहा, मग वर सरक. डॉक्टरही तेच सांगतात. आणि शेवटी, पुष्कळ वेळ बाहेर बघत बसल्यावर, लिहिलं: ‘मी डॉक्टरांना विचारलं. लहान मुलांच्या उभं राहण्याने शीर बहुतेक फुटत नाही.’

मजकूर त्याने वाचून पाहिला. छापखान्यात लेखकाच्या मजकुरातला एक शब्द त्याने कधी स्वतःच्या मनाने गाळला नव्हता. चूक दिसली तरी समासात खूण करायची, प्रश्नचिन्ह घालायचं, ठरवायचं ते ज्याचं त्याने. डॉक्टर बहुतेक म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते. तो शब्द ठेवला तर लंका राखेत बोट फिरवावं तसं त्याच्यावरून बोट फिरवत बसेल, तो बसला होता तसा. तिच्या घोट्यावरचा खड्डा तसाच राहील आणि मोजे ट्रंकेत राहतील. त्याने पेन उचललं. नुसती काट मारून भागणार नव्हतं, लंका काटेखालचं वाचायची. त्याने ते पत्र फाडलं, दुसरं घेतलं, आणि सगळं पहिल्यापासून शांतपणे उतरून काढलं, शेवटच्या ओळीपर्यंत. ‘मी डॉक्टरांना विचारलं. लहान मुलांच्या उभं राहण्याने शीर फुटत नाही. तुझ्या नाही आणि माझ्याही नाही.’

“मी टाकून येऊ का, बाबा?” मोनिकाने विचारलं. तो नको म्हणाला. चालायलाच सांगितलं होतं. पोस्टापर्यंतचा रस्ता उन्हाचा होता, वाटेत सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा एका जागी उभं राहू नये म्हणून तो टाचा उचलत खाली टेकवत राहिला, आणि बाजूचा मोटरसायकलवाला त्याच्याकडे बघून हसला. पोटऱ्यांवरचं वजन सोबत होतं, जराही कमी झालेलं नव्हतं. बहुतेक, बहुतेक, असं ते पावलागणिक म्हणत होतं, आणि आता ते एकट्या त्याच्याच पायांवर होतं. पेटीचं तोंड अरुंद होतं. त्याने पत्र आत सरकवलं, बोटांनी शेवटपर्यंत ढकललं आणि तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिला.